आज्ञावलीचे मूळ आणि आज्ञावलीचे कुंपण

ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद, शाळेचे पटपत्रक, सहकारी सोसायटीचा हिशेब, टपालाची आवक-जावक ही सर्व कामे आता संगणकावर होऊ लागली आहेत. पूर्वीच्या दप्तराला कपाट होते, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कोणाजवळ आहे हे कार्यालयात सर्वांना ठाऊक असे. संगणकाच्या बाबतीत ही गोष्ट इतकी सरळ राहिलेली नाही. एखादी नवी आज्ञावली संगणकावर बसविली की सर्वसाधारण पद्धतीने ती बसविणाऱ्याचे बहुतेक सर्व अधिकार तिला आपोआप मिळतात. चित्र पाहण्यासाठी आणलेली आज्ञावली त्याच संगणकावरील पत्रव्यवहार वाचू शकते आणि जाळ्यावरून तो बाहेर पाठवूही शकते. तिने तसे करू नये ही केवळ अपेक्षा असते, अडसर मात्र कोणताच नसतो.

यास्तव प्रत्येक आज्ञावलीविषयी दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. पहिला प्रश्न असा की, ही आज्ञावली कशापासून व कोणत्या रीतीने तयार झाली? दुसरा असा की, ती चालू असताना तिचा हात कोठवर पोचू शकतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूळ संहितेपासून बांधणी करणारी पॅकेज-व्यवस्था देते. दुसऱ्याचे उत्तर ‘सँडबॉक्स’ या नावाने ओळखली जाणारी कुंपणाची व्यवस्था देते. या दोन व्यवस्था स्वतंत्रपणे वाढल्या. त्यांची सांगड घातल्यास काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धान्य आणि पीठ

मनुष्य जी लिहितो व वाचतो ती आज्ञावलीची मूळ संहिता होय. यंत्राला मात्र ती तशी समजत नाही. ‘कंपायलर’ नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करते. हे रूपांतर एकदा झाले की आत काय आहे हे डोळ्यांनी वाचून सांगणे अतिशय कठीण होते.

धान्य आणि पीठ यांच्या उदाहरणाने ही गोष्ट चांगली समजते. बाजारातून पिठाची पिशवी आणली तर वेळ वाचतो, परंतु त्यात काय मिसळले आहे हे विक्रेत्याच्या शब्दावरच मानावे लागते. धान्य घरी आणून, निवडून, पाखडून गिरणीवर दळून आणले तर श्रम पडतात, पण खडा हाती लागण्याची संधी मिळते. मूळ संहिता हे धान्य, कंपायलर ही गिरणी आणि तयार आज्ञावली हे पीठ होय.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. गिरणीतच खोट असेल तर काय? युनिक्स या प्रसिद्ध कार्यकारी प्रणालीच्या जनकांपैकी एक केन थॉम्प्सन यांना १९८३ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने दिलेले व १९८४ मध्ये छापले गेलेले त्यांचे व्याख्यान नेमके याच शंकेवर होते. कंपायलरमध्ये अशी लबाडी लपविता येते की, तो प्रवेशाची आज्ञावली बांधताना तीत चोरदार ठेवील आणि स्वतःचीच नवी प्रत बांधताना तीच लबाडी नव्या प्रतीत उतरवील. अशा वेळी दोन्ही आज्ञावल्यांची मूळ संहिता कितीही तपासली तरी ती निर्दोषच दिसेल. केवळ धान्य पाहून भागत नाही, गिरणी कोठून आली याचाही शोध घ्यावा लागतो, हा त्या व्याख्यानाचा धडा होय.

पाककृतीप्रमाणे बांधणी

मूळ संहितेपासून आज्ञावली बांधण्याचे काम प्रत्येकाने हाताने करावयाचे म्हटले तर ते कोणालाच झेपणार नाही. एका आज्ञावलीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी लागते. म्हणून या कामाच्या पाककृती लिहून ठेवण्याची पद्धत पडली. फ्रीबीएसडी या प्रणालीचा ‘पोर्ट्स’ संग्रह १९९४ मध्ये जॉर्डन हबर्ड यांनी सुरू केला. त्यातील प्रत्येक पाककृतीत मूळ संहिता कोठून आणावयाची, तिच्यासाठी आधी काय हवे, कोणते बदल करावयाचे आणि बांधणी कोणत्या क्रमाने करावयाची हे लिहिलेले असते. त्याच धर्तीवर डॅनियल रॉबिन्स यांनी जेंटू लिनक्स उभे केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ३१ मार्च २००२ रोजी प्रसिद्ध झाली. जेंटूच्या बांधणी-व्यवस्थेला ‘पोर्टेज’ असे म्हणतात.

या पाककृतींत संहितेचा ठसाही नोंदलेला असतो. संपूर्ण संहितेवर गणिती क्रिया करून एक ठराविक लांबीचा आकडा काढला जातो. संहितेतील एक अक्षर जरी बदलले तरी हा आकडा पूर्णपणे बदलतो. वाटेत कोणी संहिता बदलली असल्यास ठसा जुळत नाही आणि बांधणी तेथेच थांबते.

जेंटूमध्ये आणखी एक सोय आहे. आज्ञावलीतील कोणते अंग हवे व कोणते नको हे बांधणीपूर्वी ठरविता येते. ज्या संगणकाला छपाईयंत्र कधीच जोडावयाचे नाही, तेथे छपाईचे अंग वगळून बांधणी करता येते. जे अंग बांधलेच नाही, त्यातील दोषाचा फायदा कोणी घेऊ शकत नाही.

पुढचे पाऊल नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात पडले. एल्को डोल्स्ट्रा यांनी ‘निक्स’ ही व्यवस्था तयार केली व २००६ मध्ये त्याच विषयावर प्रबंध सादर केला. या पद्धतीत प्रत्येक पॅकेज स्वतंत्र कप्प्यात राहते आणि त्या कप्प्याच्या नावातच त्याच्या सर्व घटकांवरून काढलेला ठसा असतो. घटक बदलला की कप्पा बदलतो. त्यामुळे एकाच आज्ञावलीच्या जुन्या व नव्या प्रती एकमेकींना धक्का न लावता शेजारी शेजारी नांदतात. लुडोव्हिक कुर्तेस यांनी २०१२ मध्ये जाहीर केलेली ‘गीक्स’ ही व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. तिच्या पाककृती स्कीम या भाषेत लिहिलेल्या असतात.

थॉम्प्सन यांच्या शंकेला गीक्सने दिलेले उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. २०२३ मध्ये गीक्सच्या कार्यकर्त्यांनी केवळ ३५७ बाइटांच्या एका बीजरूप आज्ञावलीपासून आरंभ करून, पायरीपायरीने मोठी साधने बांधीत, पूर्ण कंपायलरपर्यंत पोचणारी साखळी सिद्ध केली. ३५७ बाइट म्हणजे एखाद्या लहानशा परिच्छेदाइतका मजकूर. तो जाणकार माणूस समोर ठेवून तपासू शकतो. बांधणी हाकणारे एक तयार साधन आणि चालता कर्नेल मात्र तेथेही गृहीत धरावा लागतो. तरीही आंधळ्या विश्वासाचे क्षेत्र त्यामुळे फारच आकुंचित झाले.

कुंपणाची कल्पना

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आज्ञावलीचा संचार मर्यादित ठेवण्याची कल्पना नवी नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ नावाची सोय आली. तिच्यायोगे एखाद्या आज्ञावलीला संपूर्ण संगणकाऐवजी एकच फोल्डर हेच सारे जग आहे असे भासविता येते. परंतु सर्वाधिकार असलेली आज्ञावली त्यातून बाहेर पडू शकते. म्हणून ही सोय पक्के कुंपण मानता येत नाही. मार्च २००० मध्ये आलेल्या फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीत पॉल-हेनिंग काम्प यांनी तयार केलेले ‘जेल’ दाखल झाले. त्यात फाइलींबरोबरच प्रक्रिया आणि जाळ्यावरील पत्ता यांवरही मर्यादा घालता येऊ लागली.

लिनक्समध्ये हेच काम अनेक लहान साधनांनी केले जाते. ‘नेमस्पेस’ या सोयीमुळे आज्ञावलीला दिसणारी फाइलींची, प्रक्रियांची आणि जाळ्याची यादीच वेगळी करता येते. जे यादीत नाही ते तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. २०१३ मध्ये आलेल्या लिनक्स ३.८ पासून सर्वाधिकार नसलेल्या साध्या वापरकर्त्यालाही असे आवार उभारता येऊ लागले. ‘सेककॉम्प’ या सोयीने आज्ञावलीने कर्नेलकडे कोणत्या मागण्या कराव्यात व कोणत्या करू नयेत हे ठरविता येते.

कुंपण बाहेरून घालता येते, तसेच आज्ञावली स्वतःही आपल्यावर मर्यादा घालून घेऊ शकते. काम सुरू होताच नको असलेल्या किल्ल्या परत करणाऱ्या प्रामाणिक कारकुनासारखे हे वर्तन होय. २०१६ च्या ओपनबीएसडी ५.९ मधील ‘प्लेज’, २०१८ च्या ६.४ मधील ‘अनव्हेल’ आणि २०२१ च्या लिनक्स ५.१३ मधील ‘लँडलॉक’ या सोयी याच प्रकारच्या आहेत. पुढे त्या आज्ञावलीत कोणी शिरकाव केला तरी परत केलेल्या किल्ल्या त्याला मिळत नाहीत.

मूळ संहिता हाती असण्याचा फायदा येथेही स्पष्ट होतो. ओपनबीएसडीच्या पोर्ट्स संग्रहात क्रोमियम व फायरफॉक्स या मोठ्या आज्ञावल्यांच्या संहितेत प्लेज व अनव्हेल यांची जोड देऊन मगच बांधणी केली जाते. तयार पिठात अशी भर घालता आली नसती.

बांधणीच्या वेळचे कुंपण

पाककृतीप्रमाणे बांधणी करणे म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या सूचना आपल्या संगणकावर चालविणे होय, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. आज्ञावली वापरण्यापूर्वीच, ती बांधताना, तिच्या संहितेतील सूचना चालतात. म्हणून पहिले कुंपण बांधणीच्या जागेभोवती हवे.

पोर्टेजमध्ये अशी व्यवस्था आहे. बांधणी चालू असताना ठरवून दिलेल्या जागेबाहेर काही लिहिण्याचा प्रयत्न झाल्यास तो नाकारला जातो व बांधणी थांबते. मात्र ही व्यवस्था मुख्यतः चुका पकडण्यासाठी आहे, कावेबाज शत्रूला रोखण्यासाठी ती पुरेशी मानता येत नाही. तिच्या जोडीला बांधणीच्या काळात जाळ्याचा संबंध तोडून टाकण्याची वेगळी सोय आहे. फ्रीबीएसडीमध्ये ‘पूद्रिएर’ हे साधन दर वेळी स्वच्छ जेलमध्ये बांधणी करते.

गीक्समध्ये हे तत्त्व अधिक कडकपणे पाळले जाते. लिनक्सवर प्रत्येक बांधणी वेगळ्या, केवळ त्याच कामासाठी नेमलेल्या वापरकर्त्याच्या नावाने होते. पाककृतीत ज्यांचा उल्लेख आहे तेवढेच घटक तेथे दिसतात. घरचे फोल्डर दिसत नाही, इतर प्रक्रिया दिसत नाहीत, जाळे उपलब्ध नसते. संहिता उतरवून घेण्याचे काम तेवढे जाळ्याची मुभा ठेवून केले जाते, आणि तेथे ठसा आधीच जाहीर केलेला असावा लागतो.

या कडक शिस्तीचा एक महत्त्वाचा लाभ आहे. एखाद्या पाककृतीच्या लेखकाने आवश्यक घटक नोंदविला नाही तर तो बांधणीत दिसतच नाही आणि बांधणी फसते. त्यामुळे घटकांची यादी आपोआपच खरी राहते. बांधणी झाल्यावर तयार झालेल्या फाइलींत कोणकोणत्या कप्प्यांचे ठसे आढळतात हे तपासून, त्या आज्ञावलीला चालताना काय काय लागणार याची यादी काढली जाते. त्या प्रत्येक घटकाला जे लागते तेही या यादीत येते. हा त्या आज्ञावलीचा संपूर्ण गोतावळा होय.

वापराच्या वेळचे कुंपण

दोन व्यवस्थांची खरी सांगड येथे पडते. सामान्य प्रणालीत सर्व आज्ञावल्यांचे भाग एकाच मोठ्या कोठारात एकत्र ठेवलेले असतात. कोणत्या आज्ञावलीला त्यातील नेमके काय लागते हे काटेकोर सांगता येत नाही, म्हणून कुंपण घालताना संपूर्ण कोठार आत घ्यावे लागते. गीक्स व निक्समध्ये गोतावळ्याची खरी यादी हाताशी असते. म्हणून कुंपणाच्या आत तेवढेच कप्पे दाखविता येतात. बांधणीच्या वेळी पाळलेल्या शिस्तीचे फळ वापराच्या वेळी मिळते ते असे.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या पंचायत कार्यालयात अनोळखी पत्त्यावरून एक पीडीएफ फाइल आली आहे. ती उघडणे भाग आहे, परंतु तिच्यात वाचक-आज्ञावलीचा दोष साधून शिरकाव करणारा मजकूर असण्याचा संभव आहे. गीक्स असलेल्या संगणकावर ती फाइल प्रथम एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवावी. त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गीक्स शेल’ ही आज्ञा ‘कंटेनर’ या पर्यायासह आणि वाचक-आज्ञावलीच्या नावासह द्यावी. यासाठी सर्वाधिकाराची गरज नसते. वाचक-आज्ञावली आता अशा आवारात चालते की, तिला तिचा गोतावळा व ते एक फोल्डर एवढेच दिसते. घरचे फोल्डर म्हणून तिच्यापुढे एक रिकामे घर मांडलेले असते. ‘नेटवर्क’ हा पर्याय जोडलेला नसल्याने जाळे उपलब्ध नसते. शिरकाव झालाच तरी जन्म-मृत्यूच्या नोंदीपर्यंत हात पोचत नाही आणि बाहेर काही पाठविताही येत नाही.

येथे एक खबरदारी अवश्य घ्यावी. ज्या फोल्डरमधून आज्ञा दिली जाते ते फोल्डर आवारात आपोआप सामील होते आणि त्यात लिहिण्याचीही मुभा राहते. घरच्या मुख्य फोल्डरमधून आज्ञा दिली तर सारे घरच आत येईल आणि कुंपणाला अर्थ उरणार नाही. एखादे फोल्डर केवळ वाचण्यासाठी दाखवावयाचे असल्यास ‘एक्सपोज’, लिहिण्याची मुभा द्यावयाची असल्यास ‘शेअर’, आणि चालू फोल्डर वगळावयाचे असल्यास ‘नो-सीडब्ल्यूडी’ असे पर्याय आहेत.

फ्लॅटपॅक या दुसऱ्या व्यवस्थेतही संगतीचा असाच प्रयत्न दिसतो. अलेक्झांडर लार्सन यांनी आरंभिलेल्या या व्यवस्थेला हे नाव २०१६ मध्ये मिळाले. तिच्यात पाककृतीवरून, ठसे तपासून, कुंपणात बांधणी करता येते. आज्ञावलीने कोणत्या परवानग्या मागितल्या आहेत ते जाहीर असते आणि फाइल निवडण्याचे काम कुंपणाबाहेरील मध्यस्थ करतो. तथापि काही आज्ञावल्या संपूर्ण घरच्या फोल्डरची परवानगी मागून घेतात. परवानग्यांची यादी न वाचता आज्ञावली बसविल्यास कुंपण आहे या समाधानापलीकडे काही पदरी पडत नाही.

२०२४ चा धडा

ही सारी चर्चा केवळ तात्त्विक नाही, हे २०२४ च्या एका घटनेने सिद्ध केले. ‘एक्सझेड’ ही फाइली दाबून लहान करणारी आज्ञावली जगातील असंख्य लिनक्स संगणकांवर असते. तिच्या देखभालीत एका टोपणनावाच्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे काम करून विश्वास संपादन केला. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसविलेले होते. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या एसएसएच या सेवेत त्यातून शिरकाव करता आला असता.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे आढळले. त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट जाहीर केली. तोवर दूषित आवृत्ती डेबियन, फेडोरा व ओपनसूसे यांच्या चाचणीच्या किंवा सतत बदलत्या शाखांत पोचली होती. सर्वसामान्य वापराच्या स्थिर शाखांत ती गेली नव्हती. थोडा विलंब झाला असता तर परिणाम काय झाला असता याची कल्पनाच केलेली बरी.

या घटनेतील दोन बाबी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली बाब मुळासंबंधीची आहे. चोरदार सुरू करणारी बांधणीची सूचना उघड्या संहिता-भांडारात नव्हती. प्रसिद्धीसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातच ती घुसडलेली होती. भांडार वाचणाऱ्याला ती दिसली नसती. म्हणजे ‘मूळ संहितेपासून बांधले’ एवढे म्हणून भागत नाही, ते मूळ नेमके कोणते हेही पाहावे लागते. ठसा जुळला तरी तो दूषित गठ्ठ्याचाच ठसा असू शकतो.

दुसरी बाब कुंपणासंबंधीची आहे. एक्सझेडची आज्ञावली लँडलॉकचा उपयोग करून स्वतःवर मर्यादा घालू शकत असे. लँडलॉक उपलब्ध आहे काय, हे बांधणीच्या वेळी एक छोटी चाचणी घेऊन ठरविले जाई. सीमेक या बांधणी-पद्धतीच्या फाइलीतील त्या चाचणीत त्याच व्यक्तीने एक टिंब घुसडले होते. त्या टिंबामुळे चाचणी प्रत्येक वेळी नापास होई आणि कुंपण न घालताच बांधणी पुरी होई. एका टिंबाने कुंपण नाहीसे झाले, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. कुंपणाचे मोल चोराला पुरते ठाऊक होते, एवढे यावरून निश्चित दिसते.

बांधणीच्या कुंपणाने हे चोरदार रोखले असते काय? नाही. दूषित सूचना आवाराच्या आत राहून त्याच आज्ञावलीत बदल करीत होती, बाहेर तिला जावयाचेच नव्हते. बांधणीचे कुंपण इतरांचे रक्षण करते, त्या आज्ञावलीच्या निर्दोषपणाची ग्वाही देत नाही. म्हणूनच मूळ तपासणे आणि कुंपण घालणे या दोहोंपैकी एकाने दुसऱ्याची उणीव पूर्णपणे भरून निघत नाही.

मर्यादा

या व्यवस्थेच्या मर्यादा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. वर वर्णिलेल्या आवारांत कर्नेल एकच व सर्वांना सामाईक असतो. कर्नेलमध्ये दोष असेल तर कुंपण ओलांडता येते. साध्या वापरकर्त्याला आवार उभारू देणाऱ्या सोयीमुळेच कर्नेलचे काही भाग त्याच्या आवाक्यात येतात. म्हणून उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीत त्या सोयीवर आरंभापासून निर्बंध घातलेले आहेत.

पडद्यावर खिडकी दाखविणाऱ्या आज्ञावलीला पडद्याच्या व्यवस्थेशी संबंध ठेवावाच लागतो. एक्स-११ या जुन्या व्यवस्थेत एक आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीत दाबलेल्या कळा पाहू शकते. अशा पडद्याचे दार उघडे ठेवले तर कुंपणाला मोठे खिंडार पडते. वेलँड या नव्या व्यवस्थेत ही उणीव पुष्कळ कमी आहे.

कुंपण बांधणारेही चुकू शकतात. मार्च २०२४ मध्ये निक्स व गीक्स या दोहोंच्या बांधणी-आवारात एक दोष उघडकीस आला. संहिता उतरवून घेणाऱ्या कामाला जाळ्याची मुभा असते, तिचा फायदा घेऊन ठसा तपासून झाल्यानंतरही फाइलीत बदल करणे शक्य होते. दोष उघड होताच दुरुस्ती करण्यात आली. संहिता व चर्चा उघडी असल्याने अशा दोषांचा शोध व निरास लवकर होतो, हा या पद्धतीचा गुणच मानला पाहिजे.

शेवटी वेळ आणि वीज यांचाही हिशेब आहे. मोठी आज्ञावली मुळापासून बांधण्यास साध्या संगणकावर कित्येक तास लागतात. जेंटूसारख्या व्यवस्थेनेही डिसेंबर २०२३ पासून तयार पॅकेजे देण्यास सुरुवात केली. गीक्समध्येही तयार पॅकेजे आणता येतात. मात्र तेथे तीच पॅकेजे स्वतः बांधून, आलेल्या पिठाशी ताडून पाहण्याची ‘चॅलेंज’ नावाची सोय आहे. प्रत्येकाने सारे धान्य दळावे असे नाही. कोणालाही, केव्हाही, दळून पाहता यावे हे महत्त्वाचे.

शिक्षकांसाठी व कार्यालयांसाठी

माध्यमिक शाळेतील संगणकाच्या तासाला पुढील पाठ घेता येईल. एक रिकामे फोल्डर करावे. त्यातून फाइलींची यादी दाखविणारे, चालू प्रक्रिया दाखविणारे आणि जाळ्यावरून फाइल आणणारे अशा तीन छोट्या साधनांसह गीक्सचे आवार उघडावे. विद्यार्थ्यांना प्रथम घरच्या फोल्डरची यादी मागण्यास सांगावे, नंतर प्रक्रियांची, शेवटी जाळ्यावरील एखादी फाइल आणण्यास सांगावे. पहिल्या वेळी जवळजवळ काहीच दिसणार नाही, दुसऱ्या वेळी आवारातल्या मोजक्या प्रक्रिया दिसतील आणि तिसऱ्या वेळी प्रयत्न फसेल. नंतर हेच तीन प्रयोग आवाराबाहेर करून दाखवावेत. दोन्ही वेळच्या उत्तरांची तुलना वहीत लिहून घ्यावी. एरवी साधी आज्ञावली किती काही पाहू शकते, हे विद्यार्थ्यांना व्याख्यानापेक्षा या तुलनेने अधिक पटेल.

कार्यालयांनी निदान चार गोष्टी पाळाव्यात. आज्ञावली अधिकृत भांडारातूनच आणावी व ठसा किंवा सही तपासणारी व्यवस्था कधीही बंद करू नये. नागरिकांच्या नोंदी आणि बाहेरून आलेल्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवू नयेत. नव्या आज्ञावलीने मागितलेल्या परवानग्या वाचूनच त्या मान्य कराव्यात, आणि ज्या कामाला जाळे लागत नाही त्याला ते देऊ नये. शेवटची गोष्ट म्हणजे दुरुस्तीच्या आवृत्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात, कारण जुन्या कुंपणातील भोके सर्वांना ठाऊक झालेली असतात.

शेतकरी बियाणे पारखून घेतो आणि पेरणीनंतर कुंपणही घालतो. चांगले बियाणे आहे म्हणून तो कुंपण टाळीत नाही, आणि कुंपण आहे म्हणून किडके बियाणे पेरीत नाही. कार्यालयातील नोंदी या गावकऱ्यांच्या जन्माच्या, जमिनीच्या आणि शिक्षणाच्या नोंदी आहेत. त्या हाताळणाऱ्या आज्ञावलीच्या बाबतीत तेवढीच दक्षता बाळगणे हे त्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.